पॉलिसी आहे, पण लोड आल्यावर स्केल होईल का? ऑटोस्केलिंगची एसक्यूएलने तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्याकडे एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) बरीच अकाउंट आहेत. ईसीएसच्या (कंटेनर चालवणाऱ्या सेवेच्या) सर्व्हिस आणि डायनॅमोडीबी या डेटाबेसची टेबलं ऑटोस्केलिंगवर, म्हणजे लोडप्रमाणे क्षमता आपोआप कमी-जास्त होण्यावर, आहेत. कन्सोलमध्ये एकेक सर्व्हिस उघडून पॉलिसी बघण्यात दिवस जातो, म्हणून क्लाउडची माहिती एसक्यूएलने विचारू देणारं स्टीमपाइप लावलं आणि पॉलिसीच्या टेबलवर सिलेक्ट मारून सगळी यादी काढली. ऑडिटला एवढं पुरेल का? आणखी काय विचारायला हवं?"

एवढ्यावर भागणार नाही. पॉलिसीचं टेबल इतकंच सांगतं, की कुणीतरी कधीतरी अमुक सर्व्हिससाठी अमुक नियम लिहून ठेवला. लोड वाढल्यावर तो नियम चालेल का, हे त्या टेबलात नसतं. ती माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते: पॉलिसी, स्केलेबल टार्गेट (कशाची क्षमता बदलायची याची नोंद; किमान आणि कमाल मर्यादा इथे राहतात), क्लाउडवॉच या देखरेख सेवेचे अलार्म, आणि प्रत्यक्ष सर्व्हिस किंवा टेबल. तुमची यादी यातल्या पहिल्याच ठिकाणी थांबली आहे. ही चारही ठिकाणं जोडून "काय नाही" हे विचारलं, तर एसक्यूएलचा खरा उपयोग होतो. कन्सोल जे आहे ते दाखवतो. जे असायला हवं होतं आणि नाही, ते काढायला लेफ्ट जॉइनच (जोडीदार नसला तरी डावीकडच्या टेबलाची ओळ ठेवणारा जोड) लागतो.

क्वेरी लिहिण्याआधी स्टीमपाइप आतून काय करतं ते डोक्यात पक्कं असू द्या, कारण निम्मे चुकीचे निष्कर्ष तिथूनच येतात. टर्बॉट कंपनीचं हे ओपन सोर्स टूल २०२१ पासून उपलब्ध आहे. आत पोस्टग्रेस आहे आणि त्यावर फॉरेन डेटा रॅपर (बाहेरचा डेटा टेबलासारखा दाखवणारा भाग) बसवलेला आहे. टेबलात डेटा साठवलेला नसतो. तुम्ही सिलेक्ट मारलात की त्याच क्षणी एडब्ल्यूएसच्या एपीआयला कॉल जातात आणि आलेलं उत्तर ओळींच्या रूपात तुमच्यासमोर येतं. म्हणूनच ॲप्लिकेशन ऑटोस्केलिंगच्या (ईसीएस, डायनॅमोडीबी वगैरेंची क्षमता हलवणाऱ्या सेवेच्या) पॉलिसी टेबलला व्हेअरमध्ये सर्व्हिस नेमस्पेस, म्हणजे कशाच्या पॉलिसी हव्यात ते नाव, द्यावाच लागतो. मूळ एपीआयच नेमस्पेसशिवाय उत्तर देत नाही. "इन" लिहून ईसीएस, डायनॅमोडीबी, आरडीएस, लॅम्डा, सेजमेकर, इलास्टीकॅश असे एकदम देता येतात. फक्त तुमच्या वापरातला एखादा नेमस्पेस राहिला, तर त्याच्या ओळी गुपचूप गायब राहतात. काफ्काच्या (मेसेज वाहणाऱ्या सेवेच्या) ब्रोकरचं स्टोरेजसुद्धा याच सेवेतून वाढतं, हे बऱ्याच टीमना ठाऊक नसतं.

दुसरं म्हणजे कॅश. स्टीमपाइप एकदा आणलेलं उत्तर सहसा ५ मिनिटं धरून ठेवतं. पॉलिसी दुरुस्त करून लगेच तीच क्वेरी मारलीत तर जुनंच उत्तर दिसेल आणि दुरुस्ती लागली नाही असं वाटेल. पडताळणी करताना कॅश साफ करून घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: शून्य ओळी आल्या म्हणजे सगळं ठीक आहे, असं कधीही मानू नका. स्टीमपाइपच्या कनेक्शनच्या फाइलमध्ये रीजन (एडब्ल्यूएसचे भौगोलिक विभाग) दिले नसतील तर फक्त डीफॉल्ट रीजन विचारला जातो. मुंबई रीजन तपासला गेला आणि हैदराबादमध्ये उभा केलेला बॅकअप सेटअप राहून गेला, हे सहज होतं. शिवाय परवानगी नाकारल्याच्या चुका दुर्लक्षित करायची सोय त्या फाइलमध्ये आहे. अनेक अकाउंट एकत्र करणाऱ्या ॲग्रिगेटर कनेक्शनवर लोक ती हौसेने लावतात, म्हणजे क्वेरी मध्येच अडत नाही. पण मग ज्या अकाउंटमध्ये तुमच्या रोलला (तपासणी ज्या ओळखीने चालते तिला) परवानगीच नाही, ते अकाउंट निर्दोष दिसतं. म्हणून कुठल्याही तपासणीची पहिली क्वेरी अकाउंट आणि रीजननिहाय मोजणीची असावी: कोणत्या अकाउंटमधून, कोणत्या रीजनमधून, कोणत्या नेमस्पेसच्या किती ओळी आल्या. ही मोजणी तुमच्या अकाउंटच्या यादीशी ताडून बघितल्याशिवाय पुढचं काहीही वाचू नका.

आता जोडणी. पॉलिसी आणि टार्गेट जोडताना चार कॉलम लागतात: अकाउंट आयडी, रीजन, रिसोर्स आयडी आणि स्केलेबल डायमेन्शन (नेमकी कुठली क्षमता, जसं रीड की राइट). (नेमस्पेस दोन्हीकडे फिल्टरमध्ये असतोच.) यातलं एकही गाळू नका. ईसीएसमध्ये रिसोर्स आयडी "सर्व्हिस, तिरपी रेघ, क्लस्टरचं नाव, तिरपी रेघ, सर्व्हिसचं नाव" असा बनतो, आणि टेराफॉर्मच्या (कोड लिहून क्लाउड उभारायच्या टूलच्या) एकाच मॉड्यूलमधून उभ्या केलेल्या प्रत्येक अकाउंटमध्ये तो अक्षरशः सारखाच असतो. फक्त रिसोर्स आयडीवर जॉइन केलात तर स्टेजिंगची (चाचणीच्या सेटअपची) पॉलिसी प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातल्या) टार्गेटला जाऊन चिकटते, आणि जिथे पॉलिसी नाही तिथेही ती आहे असं दिसतं. डायमेन्शन गाळलंत तर डायनॅमोडीबीची रीडची पॉलिसी राइटच्या टार्गेटला लागते. दोन्ही वेळा क्वेरी विनातक्रार चालते, आणि म्हणूनच ही चूक लवकर पकडली जात नाही.

जोडणी बरोबर झाली की पहिला प्रश्न: टार्गेट आहे पण पॉलिसी नाही, असे कोण? टार्गेटचं टेबल डावीकडे ठेवा, पॉलिसीला लेफ्ट जॉइन करा, आणि व्हेअरमध्ये पॉलिसीचं नाव नल (रिकामं) आहे अशी अट घाला. पण फिल्टर कुठे लिहिता ते बघा. पॉलिसीच्या बाजूचा नेमस्पेस व्हेअरमध्ये लिहिलात तर लेफ्ट जॉइनचा साधा जॉइन होऊन बसतो आणि हव्या त्या ओळीच गळतात. म्हणून दोन्ही टेबलं आधी विथ लावून आपापल्या फिल्टरसकट वेगळी काढा आणि मग जोडा. क्वेरी लांब होते, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला वाचावी लागली तर तिचा अर्थ लागतो.

या ओळी आल्या म्हणजे लगेच गडबड आहे असं नाही. काही टार्गेट फक्त वेळापत्रकावर चालतात: सकाळी किमान संख्या वाढवा, रात्री उतरवा. ती शेड्यूल्ड ॲक्शन पॉलिसीच्या टेबलात येतच नाहीत, वेगळी राहतात. इथे भारतातल्या टीमचं हमखास होणारं एक चुकणं सांगतो. क्रॉनची (वेळापत्रकाच्या नियमाची) वेळ टाइमझोन न देता लिहिली तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते. सकाळी ९ ला क्षमता वाढावी म्हणून ९ लिहिलं, तर ती वाढते दुपारी अडीचला. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ हवे असतील तर यूटीसीचे ३:३० लिहावे लागतात, किंवा टाइमझोन आशिया-कोलकाता असा स्पष्ट द्यावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे किमान संख्या वर नेणारं ॲक्शन आहे आणि खाली आणणारं नाही. अशा टार्गेटची किमान संख्या रात्री तीनलाही चढलेलीच दिसते. हीच क्वेरी पहाटेच्या वेळी एकदा चालवून बघा, मग कळेल.

दुसरा प्रश्न टार्गेटच्या मर्यादांचा. किमान आणि कमाल क्षमता सारखीच असलेली टार्गेट काढा. त्यांच्यावर पॉलिसी आहे, अलार्म आहे, अलार्म वाजतोही, पण हलायला जागा नाही. कुणीतरी एखाद्या अडचणीच्या रात्री "सध्या ४ वर पक्कं करून ठेवा" म्हणून दोन्ही आकडे ४ केलेले असतात आणि ते तसेच राहतात. त्याच क्वेरीत सस्पेंडेड स्टेटचा कॉलमही घ्या. त्यात तीन खुणा असतात: स्केल-इन (क्षमता कमी करणं) थांबवलेलं, स्केल-आउट (क्षमता वाढवणं) थांबवलेलं, वेळापत्रक थांबवलेलं. स्केल-आउट थांबवलेलं प्रॉडक्शन टार्गेट सापडलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे जा, कारण पॉलिसीच्या पानावर वरवर सगळं जागच्या जागी दिसत असतं.

तिसरा, किमान शून्य. खर्च वाचवायला स्टेजिंगमध्ये किमान क्षमता शून्य ठेवतात, ते ठीक. पण त्या सर्व्हिसवर सीपीयूची टार्गेट ट्रॅकिंग (आकडा ठरलेल्या पातळीजवळ ठेवणारी) पॉलिसी असेल तर एकदा शून्यावर गेलेली सर्व्हिस आपोआप वर येत नाही. एकही टास्क (सर्व्हिसची चालती प्रत) चालत नसेल तर सीपीयूचा आकडाच येत नाही, आणि आकडा पुरेसा नसेल तर टार्गेट ट्रॅकिंग काहीच करत नाही. किमान शून्य आणि मेट्रिक (मोजला जाणारा आकडा) सीपीयू किंवा मेमरी, अशी जोडी क्वेरीने लगेच सापडते.

मेट्रिक कुठलं, हे काढायचं तर जेसनमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या मजकुरात) उतरावं लागतं. टार्गेट ट्रॅकिंगचं सगळं कॉन्फिगरेशन एकाच जेसन-बी कॉलममध्ये येतं. पोस्टग्रेसमध्ये -> हा बाण जेसनच परत देतो आणि ->> हा बाण मजकूर देतो. प्रीडिफाइन्ड मेट्रिक स्पेसिफिकेशनपर्यंत पहिल्या बाणाने जा, त्यातल्या टाइपसाठी दुसरा वापरा. टार्गेट व्हॅल्यू ->> ने काढलीत की ती मजकूर असते. तिला न्यूमरिकमध्ये कास्ट न करता लावलेल्या क्रमात १०० हा ७० च्या आधी येतो. आणि कुणी स्वतःचं मेट्रिक वापरलं असेल, समजा क्यूमधले प्रलंबित मेसेज, तर प्रीडिफाइन्डचा भाग नल येतो आणि माहिती कस्टमाइज्ड नावाच्या दुसऱ्या भागात असते. कोअलेस (पहिली नल नसलेली किंमत देणारं फंक्शन) लावून दोन्ही एका कॉलममध्ये आणा.

नलचा मोठा सापळा कूलडाउनमध्ये (एका बदलानंतर पुढच्या बदलाआधी थांबायच्या वेळेत) आहे. समजा तुम्हाला हव्यात स्केल-इन कूलडाउन ६० सेकंदांपेक्षा कमी असलेल्या पॉलिसी, कारण त्या क्षमता भराभर खाली आणतात आणि सर्व्हिस हेलकावे खाते. तुम्ही लिहिता: कूलडाउन ६० पेक्षा कमी. ज्या पॉलिसीत कूलडाउन लिहिलेलाच नाही तिथे नल येतो. नलची ६० शी तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही, त्यामुळे ती ओळ वगळली जाते. प्रत्यक्षात मात्र न लिहिलेला कूलडाउन म्हणजे त्या सेवेचा डीफॉल्ट, आणि तो सगळीकडे सारखा नाही. ईसीएसला ३०० सेकंद, डायनॅमोडीबीला शून्य. म्हणजे सगळ्यांत कमी कूलडाउनच्या पॉलिसी शोधताना डायनॅमोडीबीच्या शून्यवाल्याच निसटतात. कोअलेस वापरा, पण सरसकट एक आकडा घालू नका. नेमस्पेसनुसार केस लिहून डीफॉल्ट भरा.

आता अलार्म. इथे थोडं थांबतो, कारण तपासणीतला सगळ्यात जास्त ऐवज मला इथेच सापडत आला आहे. पॉलिसीचे मुख्य दोन प्रकार तुम्हाला भेटतील. टार्गेट ट्रॅकिंगमध्ये एडब्ल्यूएस स्वतः अलार्म बनवतं आणि सांभाळतं. स्टेप स्केलिंगमध्ये पॉलिसी तुम्ही बनवता आणि अलार्मही तुम्हीच बनवून त्याला पॉलिसी जोडता. टेराफॉर्ममध्ये हे दोन वेगळे रिसोर्स असतात. मॉड्यूल कॉपी करताना पॉलिसी आली आणि अलार्म मागे राहिला, की पॉलिसी कायमची निपचित पडून राहते. तिला हाक मारणारं कुणी नसतं.

अशा पॉलिसी शोधायला पॉलिसीच्या टेबलातला अलार्मचा कॉलम उलगडावा लागतो. तो जेसनचा ॲरे असतो. सवयीने आपण फ्रॉममध्ये पॉलिसीचं टेबल, स्वल्पविराम, आणि जेसनबी ॲरे एलिमेंट्सचं फंक्शन लिहितो. उदाहरणांतही तसंच असतं. पण ॲरे रिकामा किंवा नल असेल तर फंक्शनकडून एकही ओळ येत नाही आणि पॉलिसीची ओळही त्याबरोबर नाहीशी होते. म्हणजे आपण ज्या अलार्म नसलेल्या पॉलिसी शोधायला निघालो, नेमक्या त्याच उत्तरातून वगळल्या जातात. इथे लेफ्ट जॉइन लॅटरल लिहा आणि ऑनमध्ये ट्रू द्या. मग रिकाम्या ॲरेची पॉलिसी अलार्मच्या जागी नल घेऊन तुमच्यासमोर येते.

त्यापुढे अलार्मच्या एआरएनवर (एडब्ल्यूएसमधल्या पूर्ण ओळखनामावर) क्लाउडवॉच अलार्मचं टेबल पुन्हा लेफ्ट जॉइनने लावा. एआरएनमध्ये अकाउंट आणि रीजन दोन्ही असल्यामुळे इथे वेगळे कॉलम जोडायची गरज नाही. आता एका क्वेरीत तीन गोष्टी मिळतात: अलार्मच नाही, अलार्म आहे पण त्याच्या ॲक्शन बंद केल्या आहेत, किंवा अलार्म "अपुरा डेटा" या स्थितीत आहे आणि कितीतरी दिवसांत त्याची स्थिती बदललेली नाही. दुसरा प्रकार बहुतेक वेळा देखभालीच्या काळात होतो. पेजर वाजू नये म्हणून सगळ्या अलार्मच्या ॲक्शन एका स्क्रिप्टने बंद करतात, आणि स्केलिंगचे अलार्मही त्यात सापडतात. टार्गेट ट्रॅकिंगच्या अलार्मना हाताने शिवू नये असं एडब्ल्यूएसचं स्पष्ट सांगणं आहे. त्यांची नावं टार्गेट ट्रॅकिंग या शब्दांनीच सुरू होतात, त्यामुळे अशा स्क्रिप्टमधून त्यांना वगळणं सोपं आहे. ते आजच करून टाका.

तिसरा प्रकार, अपुरा डेटा, याचा खर्चाशी थेट संबंध आहे. एकाच सर्व्हिसवर दोन टार्गेट ट्रॅकिंग पॉलिसी असल्या तर वर जाताना जी जास्त क्षमता मागते तिचं ऐकलं जातं. खाली येताना मात्र दोघींची संमती लागते. एका पॉलिसीचा डेटाच येत नसेल तर ती कधीच संमती देत नाही आणि सर्व्हिस वर अडकून राहते. लोडबॅलन्सर (येणाऱ्या रिक्वेस्ट वाटणारा) बदलला, नवीन टार्गेट ग्रुप (रिक्वेस्ट ज्यांना वाटायच्या त्यांचा गट) आला, आणि पॉलिसी अजून जुन्या टार्गेट ग्रुपच्या रिक्वेस्ट मोजत बसली आहे, असं यात हमखास निघतं.

मेमरीच्या पॉलिसीबद्दल माझं मत ठाम आहे: जेव्हीएमवर (जावाच्या आभासी मशीनवर) चालणाऱ्या सर्व्हिसला सीपीयूच्या जोडीला मेमरीची टार्गेट ट्रॅकिंग पॉलिसी लावू नये. हीप (जेव्हीएमने घेतलेली मेमरी) एकदा फुगला की जेव्हीएम ती मेमरी सहसा परत करत नाही. लोड उतरला, सीपीयू १० टक्क्यांवर आला, पण मेमरी ७५ वरच. दोघींची संमती लागत असल्यामुळे टास्क कमी होत नाहीत. दिवसा वाढलेले २० टास्क रात्रभर २० च राहतात आणि महिनाअखेरीला फार्गेटचं (टास्क चालवायला जागा देणाऱ्या सेवेचं) बिल बघून सगळे चक्रावतात. रिसोर्स आयडीवर ग्रुप करा (अकाउंट आणि रीजनसकट), हॅविंगमध्ये एकापेक्षा जास्त पॉलिसी आणि त्यांतली एक मेमरीची अशी अट घाला. बूल-ऑर हे ॲग्रिगेट त्यासाठीच आहे. त्याला ईसीएस सर्व्हिसचं टेबल जोडून चालू टास्कची संख्या किमान क्षमतेशी ताडा. सुट्टीच्या दिवशी पहाटे चालू संख्या किमानपेक्षा कितीतरी वर असेल तर तुमचा मासा सापडला.

ईसीएसचं टेबल जोडताना रिसोर्स आयडी स्वतः बांधावा लागतो: क्लस्टरच्या एआरएनमधून स्प्लिट पार्टने तिरप्या रेघेनंतरचा तुकडा घ्या आणि || ने सर्व्हिसच्या नावाशी जोडा. इथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक, चालू संख्या कमाल क्षमतेला टेकलेल्या सर्व्हिस. आणखी लोड आला तर त्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही, म्हणून ही यादी मी रोज बघतो. दुसरं, डिप्लॉयमेंट चालू असताना ईसीएसचं स्केल-इन थांबवलेलं असतं, स्केल-आउट चालू राहतं. त्यामुळे एखादं डिप्लॉयमेंट हेल्थ चेकवर तासन्‌तास अडकून पडलं असेल तर क्षमता खाली येणार नाही आणि त्यात पॉलिसीचा काही दोष नसेल. सर्व्हिसच्या टेबलात डिप्लॉयमेंटचा जेसन कॉलम आहे. एकापेक्षा जास्त डिप्लॉयमेंट दिसलं तर आधी ते सोडवा.

टेराफॉर्म वापरणाऱ्यांनी एक गोष्ट क्वेरीबाहेर तपासावी. ईसीएस सर्व्हिसच्या रिसोर्समध्ये डिझायर्ड काउंटचे बदल दुर्लक्षित करायची लाइफसायकलची ओळ नसेल, तर प्रत्येक ॲप्लाय संख्या परत मूळ आकड्यावर आणतं. ऐन गर्दीत कुणी साधा टॅग बदलायला ॲप्लाय चालवलं की १८ टास्कचे पुन्हा २ होतात. एसक्यूएलमध्ये याचा माग दिसत नाही, कारण क्वेरी मारेपर्यंत ऑटोस्केलिंगने संख्या पुन्हा वर नेलेली असते.

डायनॅमोडीबीकडे वळू. इथे सगळ्यात आधी विचारा की इंडेक्सना पॉलिसी आहे का. ग्लोबल सेकंडरी इंडेक्सची (दुसऱ्या कीने शोधू देणाऱ्या इंडेक्सची) राइट क्षमता टेबलाहून वेगळी असते आणि तिला स्वतःचं टार्गेट, स्वतःची पॉलिसी लागते. मूळ टेबल व्यवस्थित स्केल होतंय, पण इंडेक्सची क्षमता पक्की ५ युनिट आहे, असं असेल तर इंडेक्सची राइट क्षमता संपली की मूळ टेबलवरचे राइटही नाकारले जातात. टीम टेबलचा ग्राफ बघत बसते, तिथे क्षमता भरपूर दिसते, आणि एरर काही थांबत नाहीत. शोधायचं असं: डायनॅमोडीबीच्या टेबलमधला इंडेक्सचा जेसन ॲरे उलगडा, "टेबल, नाव, इंडेक्स, नाव" या साच्यात रिसोर्स आयडी बांधा, त्याला इंडेक्सच्या राइट डायमेन्शनची टार्गेट लेफ्ट जॉइन करा, आणि नल असलेल्या ओळी घ्या. इंडेक्स नसलेली टेबलं इथे गळली तरी चालतं, कारण त्यांना हा प्रश्नच लागू नाही.

ऑन-डिमांड मोड (क्षमता आधी न ठरवता वापरापुरते पैसे) २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि पुष्कळ टेबलं तिकडे गेली. कन्सोलमधून मोड बदलला तर ऑटोस्केलिंगची सेटिंग पुसली जातात. कमांड लाइन किंवा एसडीकेने (प्रोग्रॅममधून) बदलला तर ती तशीच राहतात. त्यामुळे बिलिंग मोड ऑन-डिमांड आणि तरीही टार्गेट आहे, अशी टेबलं सापडतात. ती आज काही बिघडवत नाहीत, पण परत प्रोव्हिजन्डवर (क्षमता आधी ठरवायच्या मोडवर) आलात तर जुने आकडे लागू होतात, आणि अलार्मचे पैसेही जात राहतात. प्रोव्हिजन्ड टेबलच्या प्रत्येक डायमेन्शनला ४ अलार्म बनतात, म्हणजे रीड आणि राइट धरून ८, इंडेक्सचे वेगळे. साध्या अलार्मला महिन्याला साधारण १० सेंट पडतात. एका टेबलला ते काहीच वाटत नाही, शेकडो टेबलं असली की विचारावंसं वाटतं.

आरडीएसमधल्या ऑरोरा या डेटाबेसचं थोडक्यात: रिसोर्स आयडीत तिरप्या रेघेऐवजी क्लस्टर शब्दानंतर अपूर्णविराम येतो, तेव्हा स्प्लिटची क्वेरी जशीच्या तशी चालणार नाही. आणि ऑटोस्केलिंग फक्त स्वतः बनवलेल्या रीड रेप्लिका (वाचण्यासाठीच्या प्रती) काढतं, तुम्ही हाताने बनवलेल्या काढत नाही.

ईसी२ च्या (एडब्ल्यूएसच्या व्हर्च्युअल मशीनच्या) ऑटोस्केलिंग ग्रुपची सेवा वेगळी आणि जुनी, २००९ पासूनची. तिच्या पॉलिसी ॲप्लिकेशन ऑटोस्केलिंगच्या टेबलात येणार नाहीत. स्टीमपाइपमध्ये ग्रुपच्याच टेबलात पॉलिसींचा जेसन कॉलम आहे. तिथे सस्पेंडेड प्रोसेसचा कॉलम नक्की बघा. अलार्म नोटिफिकेशन ही प्रोसेस थांबवलेली असेल तर अलार्म वाजूनही पॉलिसी चालत नाही. लाँच थांबवलेली असेल तर नवीन मशीन उभीच राहत नाही.

हे सगळं हिरवं आलं तरी वेगाचा प्रश्न उरतो. ईसीएसच्या टार्गेट ट्रॅकिंगचा वरचा अलार्म सलग ३ मिनिटं आकडा वर राहिल्यावर वाजतो, खालचा १५ मिनिटांनी. त्यात टास्क उभा राहायचा वेळ मिळवा. सेल सुरू होण्याच्या किंवा निकाल लागण्याच्या क्षणी लोड एका मिनिटात दहापट होतो, तिथे कितीही नेमकी पॉलिसी उशिराच पोचणार. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या गर्दीसाठी क्षमता आधीच चढवून ठेवावी लागते, हे त्यांच्या अभियंत्यांनी जाहीर व्याख्यानांतून सविस्तर सांगितलेलं आहे. तुमच्याकडे अशी ठरलेली गर्दी असेल तर तपासणीत आणखी एक ओळ वाढवा: त्या दिवसाआधी किमान क्षमता अपेक्षित आकड्यावर आली आहे का. टार्गेटच्या टेबलावरची ही साधी क्वेरी आहे, आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी ती पुन्हा मारता येते.

साधनाच्या निवडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एडब्ल्यूएस कॉन्फिगमध्येही (रिसोर्सच्या सेटिंगची नोंद ठेवणाऱ्या सेवेत) एसक्यूएलसारखी क्वेरी लिहिता येते, पण तिथे जॉइन नाही, आणि वर सांगितलेलं जवळपास सगळं जॉइनवर उभं आहे. क्लाउडक्वेरी डेटा आधी तुमच्या डेटाबेसमध्ये आणून ठेवतं. इतिहास हवा असेल तर ती पद्धत सोयीची, आत्ताची स्थिती हवी असेल तर स्टीमपाइप. तुमच्या ऑडिटला दोन्ही लागणार आहेत, पण दुसरं टूल लगेच आणायची गरज नाही. पॉलिसी, टार्गेट आणि अलार्म या तिन्हींचे निकाल रोज रात्री सीएसव्हीत काढा आणि तारखेच्या कॉलमसह आपल्या नेहमीच्या पोस्टग्रेसमध्ये भरा. कालच्या आणि आजच्या ओळींवर एक्सेप्ट (एकीकडे आहेत, दुसरीकडे नाहीत अशा ओळी देणारा) लावला की रात्रीतून कुणी कमाल क्षमता बदलली, कुठली पॉलिसी गेली, ते सकाळी समोर असतं. कुणी बदललं ते मग क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसच्या कॉलच्या नोंदवहीत) शोधा. स्केलिंगच्या घडामोडींचा इतिहास एडब्ल्यूएसच्या एपीआयकडून फक्त मागच्या ६ आठवड्यांचाच मिळतो. तिमाही ऑडिटला तो अपुरा पडतो, म्हणून तोही याच कामात साठवायला सुरुवात करा.

आणि या सगळ्यासाठी लागणारा रोल फक्त वाचण्याच्या परवानग्यांचा ठेवा. पॉलिसी, टार्गेट, अलार्म आणि सर्व्हिस यांचं वर्णन मागणारे कॉल एवढंच त्याला लागतं. तपासणीच्या रोलला बदलाची परवानगी दिली की कुणीतरी त्याच स्क्रिप्टमध्ये दुरुस्तीही घालतं, आणि रात्री चालणारं काम प्रॉडक्शनची कमाल क्षमता परस्पर बदलू लागतं. सापडलेली प्रत्येक ओळ सर्व्हिसच्या मालक टीमकडे तिकीट म्हणून जाऊ द्या. टॅगमधला टीमचा कॉलम क्वेरीत घेतलात तर ही वाटणीही आपोआप होते. टॅग नसलेल्या सर्व्हिस वर काढून वेगळ्या यादीत टाका आणि त्यांचा मालक ठरवण्यापासून सुरुवात करा.